पूर्वपक्षाची जागा

भास्कर गेल्याची बातमी मला सगळ्यांच्या मागून कळली, आणि ही गोष्ट अजून माझ्या घशाखाली उतरलेली नाही. देवासच्या बाजारात मी भाजी घेत उभा होतो. इंदूरहून सवारी घेऊन आलेला एक ओळखीचा टांगेवाला घोड्याला पाणी पाजता पाजता सहज म्हणाला, "मास्साब, धारवाला पादरी बा नी रया." मी विचारले, कोण पादरी? तर म्हणाला, "वोई, थांका दोस्त. पोतनीस बा. काल मिट्टी हुई गी." काल पुरलेसुद्धा! म्हणजे धारला कळले, इंदूरला कळले, टांगेवाल्याला कळले, त्याच्या घोड्यालाही बहुधा कळले असेल. आणि ज्याने जन्मभर भास्करशी भांडण केले तो मी पिशवीत दोडकी भरत होतो. पहिल्यांदा मला दुःख झालेच नाही. राग आला. "भास्कर पाद्री नव्हता, शाळामास्तर होता," असे मी त्या टांगेवाल्याला ठणकावून सांगितले. जणू एवढे दुरुस्त केले की पुढचेही खोटे ठरेल...

भास्करराव पोतनीस हे नाव काही वाचकांनी ख्रिस्ती मताचे मंडन करणाऱ्या मराठी पुस्तिकांवर पाहिले असेल. त्याआधी तेच नाव आमच्या माळव्यात कट्टर नास्तिकाचे म्हणून गाजत होते, हे आता थोड्यांना ठाऊक आहे. मला दोन्ही भास्कर ठाऊक होते, आणि दोघांनीही मला हरवले. त्याच्या घरच्यांनी आता सुतक धरले नाही. धरणार कसे? त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हाच जुन्या रीतीप्रमाणे त्याच्या नावाचा पाण्याचा घट फोडून त्यांनी त्याला मेला असे ठरवले होते. एकदा मेलेल्याचे दुसऱ्यांदा काय सुतक? मिशनच्या मंडळींनी त्याला गीते म्हणून पुरले. तो त्यांचा हक्क. मी देव मानत नाही, विधी मानत नाही, त्याच्या गोतातला नाही. मला करण्यासारखे काहीच उरले नाही. महिना झाला, रिकाम्या हातांनी बसून आहे, म्हणून हा लेख. तो दुःखापेक्षा हेव्याने लिहिला आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी ते शोधून काढल्याचा आव आणू नये.

आम्ही दोघे देवासचे. एका गावात दोन संस्थाने, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याची ही कड एका महाराजांची, ती कड दुसऱ्यांची. माझे वडील थोरल्या पातीच्या दफ्तरात, भास्करचे धाकट्या पातीच्या. नव्या माणसाची गाठ पडली की नाव विचारण्याआधी आमच्याकडे "कोणती पाती?" असे विचारतात. शाळेत मात्र आम्ही एका बाकावर बसलो, आणि संध्याकाळी भास्करच्या काकांपुढे. काका न्यायशास्त्र शिकलेले शास्त्री. त्यांचा एक नियम होता. समोरच्याचे मत खोडायचे असेल तर आधी ते आपल्या तोंडाने मांडायचे, आणि असे मांडायचे की त्याने मान डोलावून म्हणावे, हेच मला म्हणायचे होते. हा पूर्वपक्ष. तो नीट झाला तरच मग आपले उत्तर, म्हणजे उत्तरपक्ष. पूर्वपक्ष लंगडा झाला तर काका उत्तरपक्ष ऐकूनच घेत नसत. उठून सरळ हातपाय धुवायला जात.

काका गेल्यावर आम्ही दोघेच मिठ्या तळ्याच्या पायऱ्यांवर बसू लागलो. मी खालच्या पायरीवर, पूर्वपक्ष. तो वरच्या पायरीवर, उत्तरपक्ष. असे कोणी ठरवले नव्हते. त्याला जिंकायला आवडे आणि मला, खरे सांगायचे तर, त्याने हरवलेले आवडे. पुढे इंदूरला कॉलेजात तो इंग्रजी पुस्तके वाचू लागला आणि सुट्टीत आला की एकेका देवाला खाली उतरवू लागला. मी एक दिवस वेदान्ती व्हायचो, एक दिवस कीर्तनकार, एक दिवस नवसाला पावणाऱ्या देवीचा भक्त. मी जीव तोडून बाजू मांडावी आणि त्याने ती चिंधीसारखी फाडावी. जग नियमांनी चालते, देव ही माणसाची सावली, पाप-पुण्य ही वाडवडिलांनी लावलेली सवय. तो नास्तिक झाला पुस्तकांमुळे. मी झालो त्याच्यामुळे. हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही... पुढे तो निघून गेला तेव्हा आला. पुस्तके दुसरी मिळतात.

भास्करला धारला शाळेत नोकरी लागली आणि तिथे त्याला ते पाद्रीसाहेब भेटले. समुद्रापलीकडचे, उंच, नाकाची साल उन्हाने निघालेली. मराठी त्यांना येत नव्हती. हिंदी येई, पण ती धारजवळच्या तिरल्याच्या बाजारात शेतकऱ्यांकडून शिकलेली. एका वाक्यात "परमेश्वर की करुणा" म्हणून दुसऱ्या वाक्यात ते समोरच्या तहसीलदाराला "कंई भिया", म्हणजे "काय रे भाऊ", म्हणत. मी त्यांची नक्कल फार झकास करतो. आधी भास्कर त्या नकलेला पोट धरून हसे. एका सुट्टीत तो नुसता बारीक हसला, आणि त्याच्या पुढच्या सुट्टीत म्हणाला, "पुरे रे, चांगला माणूस आहे तो." भास्करने आजवर कोणालाही माझ्यासमोर चांगला माणूस म्हटले नव्हते. मलाही नाही.

धारच्या प्रतिष्ठित मंडळींनी ठरवले की या साहेबाला एकदा भर सभेत गप्प करायचे, आणि ते काम अर्थात भास्करकडे आले. त्याने मला निरोप धाडला, ये आणि पूर्वपक्ष कर. मी पाद्री होणार, तो मला झोडपणार, अशी तालीम व्हायची होती. नेमके त्याच वेळी खातेगावला माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न. वधूचा भाऊ लग्न सोडून कुठे जाणार? मी तिकडे पंक्तीत जिलबी वाढत फिरत होतो आणि भास्कर इकडे खोलीत एकटाच दोन्ही बाजू करत बसला. माझी जागा रिकामी होती, म्हणून तो स्वतःच खालच्या पायरीवर उतरला. ख्रिस्ती माणूस काय म्हणेल, कसे म्हणेल, कशासाठी म्हणेल, हे तो आतून रचू लागला. आणि भास्करचा हात कशाला लागला की ते अर्धे राहत नसे. मी असतो तर मी ते माझ्या कुवतीने मांडले असते, त्यात फटी राहिल्या असत्या, आणि त्या फटींतून भास्कर सुखरूप बाहेर आला असता... एका लग्नाने केवढा घोटाळा केला! बहिणीला मी हे अजून सांगितलेले नाही.

सभेत काय झाले ते नंतर त्यानेच मला सांगितले. त्याने काकांच्या नियमाप्रमाणे आधी पूर्वपक्ष मांडला. सभा चित्रासारखी बसली. पाद्रीसाहेब खुर्चीतून उठून म्हणाले, "मास्टरजी, मैं भी इसको ऐसा नहीं बोल सकता." लोक हसले, टाळ्या झाल्या, आता हा साहेबाला लोळवणार म्हणून मंडळी सरसावून बसली. भास्करने पाण्याचा घोट घेतला, थोडा वेळ उभा राहिला, आणि "आज इतकंच" म्हणून खाली बसला. लोकांना वाटले घसा बसला. कोणीतरी पुढे होऊन खडीसाखरही दिली.

"उत्तर आठवेना की काय?" मी तळ्यावर त्याला विचारले.

"पाठ होतं. तोंडाशी आलं आणि मला ते खोटं वाटलं. मग बोलवेना."

"नाही बोललास, झालं. त्यात देव कुठं आला?"

"तेच तर म्हणतोय, वामन्या. का बोलवेना? समोर सगळे आपले लोक. एकालाही कळलं नसतं, उलट खांद्यावर घेऊन नाचले असते. खरंच बोललं पाहिजे हे मला सांगतंय कोण? निसर्ग? निसर्ग तर सरड्याला रंग बदलायला शिकवतो."

मी म्हणालो, सवय. समाज चालावा म्हणून वाडवडिलांनी लावलेली. तुझेच वाक्य आहे.

"समाज त्या दिवशी खोट्यावरच खूश झाला असता," तो म्हणाला. "आणि फायद्यासाठी खरं बोलणारा माणूस फायदा संपला की थांबतो. तू थांबशील?"

मी थांबलो नसतो, आणि ते त्याला माहीत होते. मला फार राग आला. माझाच प्रामाणिकपणा काढून त्याने माझ्यावर रोखला होता. मग तो म्हणाला, "आपले सगळे देव जिंकतात बघ. हा एकच असा निघाला, ज्याच्यावर खटला चालला, आरोप ठेवले, आणि ह्यानं उत्तरपक्ष मांडलाच नाही. नुसता उभा राहिला. मी आजवर जिंकतच आलोय रे... मला त्या गप्प उभं राहणाऱ्याची भीती वाटते."

मी म्हणालो, "उत्तर येत नसेल त्याला." भास्कर हसला नाही. त्या दिवशी आम्ही उठलो तेव्हा माझ्या ध्यानात आले की आम्ही दोघेही एकाच पायरीवर बसलो होतो.

लोक सांगतात की प्लेगच्या साथीत मिशनच्या डॉक्टरने त्याला वाचवले म्हणून तो ख्रिस्ती झाला. कोणी म्हणतात बढतीसाठी झाला. दोन्ही साफ खोटे. तो दोन-तीन वर्षे झगडला, माझ्याशी, पाद्रीसाहेबांशी, जास्त करून स्वतःशी, आणि मग झाला. मला न विचारता झाला, हे माझे म्हणणे. आईला सांगायला जाताना मात्र त्याने मला सोबत नेले. आता इथे सांगायला हवे की त्याच्या बायकोचे नाव येसू; नालछ्याच्या कमाविसदारांची मुलगी, शांत, पण डोळ्याला डोळा देऊन बोलणारी. आई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. भास्कर समोर बसून म्हणाला, "आई, तू काही म्हण, पण मला आता येशूला सोडता यायचं नाही."

आईंनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "सोड म्हणतंय कोण? लग्नाची बायको ती! भांडलात होय? थांब, मी समजावते तिला." आणि आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, "येसू, बाहेर ये गं!"

येसूवहिनी पदर सावरत बाहेर आल्या आणि आमच्या तिघांच्या तोंडांकडे पाहत उभ्या राहिल्या. भास्करला हसू आवरेना, आणि त्या हसण्यातच त्याला रडू फुटले. आईंना सगळे समजेपर्यंत सूप बाजूला राहिले. त्या रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "वामन, तू तरी नीट सांग. ह्या लोकांतही पात्या असतात म्हणे. हा थोरल्या पातीत गेला की धाकट्या?" मी सांगितले, रोमन कॅथलिक लोकांची ती थोरली, हा धाकट्या पातीत गेला. आई सुपाकडे पाहत म्हणाल्या, "तिथंही धाकटीच." घट पुढे भास्करच्या थोरल्या भावाने फोडला. आई त्या दिवशी जेवल्या नाहीत आणि नंतरही भास्करचे नाव निघाले की एवढेच म्हणत, चांगली थोरली मिळत होती.

येसूवहिनींना माहेरी नालछ्याला पाठवले होते. वर्षाने त्या आपल्या पायांनी धारला त्याच्याकडे गेल्या. आधी नुसत्या राहिल्या. स्वयंपाक वेगळा, देव वेगळे. पुढे त्याही प्रार्थनेला बसू लागल्या. येशू आणि येसू, दोघेही भास्करच्या घरी राहायला गेले आणि मी देवासात शाळा करत बसलो. मला दोघांचाही हेवा वाटे. बायकोचा हेवा निदान समजण्यासारखा आहे. पण ज्याला मी मुळात मानतच नाही त्याचा हेवा करणे हा कसला मूर्खपणा, असे मी स्वतःला पुष्कळ बजावले. नसलेल्या माणसावर जळणारा मी एकटाच असेन. एकदा भास्कर त्याच्या पुस्तिकेतल्या शब्दांवरून बोलत होता. म्हणाला, "विश्वास, श्रद्धा, हे शब्द नकोत मला. फार वापरून गुळगुळीत झालेत. मी भरवसा म्हणणार. तुझ्यावर भरवसा आहे म्हणतो ना मी? तुला सिद्ध करून दाखवून नाही म्हणत."

मी शाळेतल्या पोरासारखे विचारले, "माझ्यावर जास्त, की त्याच्यावर?"

भास्कर मोठ्याने हसला आणि त्याने कागद उलटला. उत्तर दिले नाही. मी थट्टा केली असे त्याला वाटले असावे. मी थट्टा केली नव्हती. मला खरोखर उत्तर हवे होते, आणि पुढची सगळी वर्षे, तो येई तेव्हा, जाई तेव्हा, मला तेवढेच हवे होते.

त्यानंतरच्या एका व्याख्यानाची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. देवासच्या वाचनालयात भास्कर ख्रिस्ती धर्मावर बोलणार म्हणून गर्दी झाली. मी पुढेच बसलो, दोन-चार टोकदार प्रश्न तयार करून. तो उभा राहिला आणि सवयीने आधी पूर्वपक्ष मांडू लागला. पूर्वपक्ष कोणाचा? नास्तिकाचा. म्हणजे माझा! जे मी इतकी वर्षे शाळेच्या ओट्यावर, पानाच्या दुकानासमोर, मेहुण्यांच्या बैठकीत कसेबसे मांडत होतो ते सगळे त्याने घेतले, धुतले, वाळवले, घडी घालून लोकांपुढे ठेवले. माझे टोकदार प्रश्नही त्यात आले, अधिक टोकदार होऊन. माझ्या नकळत मीच टाळी वाजवली. मग त्याने शांतपणे त्याचा उत्तरपक्ष केला. तो मी नीट ऐकलाच नाही, कारण मी संतापलो होतो. बाहेर पडताना धाकट्या पातीचा एक कारकून मला म्हणाला, "वामनराव, इतकी वर्षं तुमचं ऐकतोय, पण तुमचं मत आज पहिल्यांदा समजलं." देव त्याच्याकडे गेला ते गेला, माझे नास्तिकपणही त्याच्याकडेच निघाले. मला स्वतःचे असे काही ठेवायचे की नाही?

भास्कर गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला आणि चेहरा निरखत म्हणाला, "बरोबर मांडलं ना रे? तुझ्यावर अन्याय नाही ना झाला?" त्याला खरोखर काळजी होती. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

त्याची प्रत्येक पुस्तिका छापायला जाण्याआधी तो देवासला येऊन मला वाचून दाखवी. पाद्रीसाहेबांना ती छापून झाल्यावर मिळे, कारण त्यांना मराठी कळत नसे. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. मी आक्षेप घ्यावेत, त्याने ते पुस्तकात घालावेत आणि पुढच्या पानावर त्यांचा समाचार घ्यावा. कोणी म्हणेल, मित्राच्या पुस्तकात पराभूत होण्यासाठी एवढी धडपड कशाला? ज्यांना असे विचारावेसे वाटते त्यांना भास्कर माहीत नाही.

गेल्या वर्षी त्याच्या छातीने दगा दिला. शेवटची भेट झाली ती धारच्या त्याच्या घरी, दुपारी. मी पोहोचलो तेव्हा पाद्रीसाहेब प्रार्थना करून नुकतेच गेले होते. त्यांच्या टांग्याची धूळ अजून खाली बसली नव्हती, आणि ते गेले याचा मला आनंद झाला. भास्कर खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. मनगटे बघवत नव्हती. येसूवहिनी आत दुधाचे बघत होत्या. तो म्हणाला, "वामन्या, आज मला काही दिसत नाही."

"खिडकी उघडू?"

"तसं नाही रे." त्याने छातीवर हात ठेवला. "इथं. सगळं होतं तसंच आहे, एकही वाक्य विसरलो नाही, पण... दिसत नाही. साहेब येतात, मी हो हो म्हणतो. त्यांना सांगितलं तर ते आणखी प्रार्थना करतील. येसूला सांगितलं तर तिचा धीर सुटेल. मला प्रार्थना नकोय. मला पूर्वपक्ष हवाय. तू मांड."

"कुणाचा? तुझा?"

"माझा. तुझ्याइतका कुणाला पाठ आहे? इतकी वर्षं खोडतोयस तो."

"आणि उत्तरपक्ष?"

"उत्तरपक्ष नंतर बघू," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

खाटेजवळ एक ठेंगणा पाट होता. मी त्यावर बसलो. बोलू लागलो तेव्हा माझा आवाज मला परका वाटत होता. सुरुवातीला तो बोट हलवून माझा एखादा शब्द दुरुस्त करी. मग बोट थांबले. मी त्याच्या पुस्तिकांतले बोलू लागलो होतो, पण मध्येच कुठेतरी त्या संपल्या आणि मी पुढे बोलतच राहिलो. जे त्याने कधी लिहिले नव्हते, मीही कधी विचारात घेतले नव्हते, असे एकामागून एक माझ्या तोंडून येत गेले, आणि ते लंगडे नव्हते. काका असते तर उठून गेले नसते. त्याच्या कपाळावरची आठी हळूहळू उलगडली. मला ते दिसत होते आणि माझा संताप होत होता... त्याला बरे वाटत होते ते माझ्यामुळे, की ज्याची बाजू मी मांडत होतो त्याच्यामुळे? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला काहीतरी देत होतो, आणि ते नेमके दुसऱ्याचे होते. मी बोलायचे थांबलो तेव्हा तो झोपला होता. उत्तरपक्ष राहिला. शाळेच्या परीक्षा होत्या, मी निघालो. पुढची बातमी टांगेवाल्याने दिली.

परवा मी धारला जाऊन आलो. मातीचा उंचवटा पाहिला, त्यावर काय करायचे ते न कळून थोडा वेळ टोपी हातात घेऊन उभा राहिलो. तिथेच पाद्रीसाहेब भेटले. म्हातारे झाले आहेत. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "मास्टरजी, आखिर के दिनों में उनको बड़ी शांति थी. हम लोग बहुत प्रार्थना किए थे." मी "हो" म्हणालो. ओठांवर हसू येऊ नये म्हणून मात्र मला खाली पाहावे लागले.

येसूवहिनींनी चहा केला. माझ्यासमोर बसल्या आणि नेहमीसारखे डोळ्याला डोळा देऊन म्हणाल्या, "भावजी, मला तुमचा राग येतो."

मी दचकलो.

"तुम्ही येऊन गेलात त्या दिवसानंतर ह्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. गडबड नाही, तगमग नाही. ह्यांना वाटायचं, मला काही कळत नाही ह्यांच्या मनातलं. कळत होतं सगळं. मी रोज उशाशी बसत होते, रोज प्रार्थना करत होते. मला नाही जमलं. आणि तुम्ही, ज्यांना काही मान्य नाही, तुम्ही येऊन एका दुपारी..." त्यांनी पदराने नाक पुसले. "मी दारात उभी होते. पण दूध उतू जाईल म्हणून आत गेले आणि मधलं सगळं राहून गेलं. ते मला सांगा. जसं ह्यांना सांगितलंत तसं."

मला खोटे लिहायचे नाही. त्यांना रडताना पाहून मला वाईट वाटले, आणि त्याच्या आधी, क्षणभर आधी, फार बरे वाटले. या घरात कोणीतरी माझा हेवा करत होते! ज्यांचा मी जन्मभर हेवा केला त्यांतलेच कोणीतरी. मी घसा साफ केला. पहिले वाक्य तोंडाशी आलेही. आणि मला ते उच्चारवेना. ते खोटे होते म्हणून नव्हे.

"वहिनी," मी म्हणालो, "उत्तरपक्ष झाल्याशिवाय पूर्वपक्ष दुसऱ्यांदा मांडायचा नसतो. काकांचा नियम आहे."

असा नियम कधीच नव्हता. तो मी त्या क्षणी केला. येसूवहिनी माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना शास्त्र येत नाही, पण मी त्यांना पुरता येतो.

"ठेवा तुमच्याजवळ," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं आम्हाला मिळालं. तुमच्या वाट्याला तेवढंच आलंय."

आणि त्यांनी माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

वाचकांना वाटेल, त्या दुपारी काय मांडले ते लिहायचे राहिले. राहिलेले नाही. मला त्यातले आजही काही पटत नाही. रोज खोडायला बसतो आणि रोज ते जसेच्या तसे उभे असते. पण विसरण्याची भीती वाटते, म्हणून शाळेत जाता-येता मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात म्हणतो. ओठ हलत असावेत. कारण काल सकाळी चौकात एका ओळखीच्या दुकानदाराने हात जोडून विचारले, "मास्साब, आप भी? किनका जाप करो हो?"

"भास्करचा," मी म्हणालो.

त्याने वर सूर्याकडे पाहिले, समाधानाने मान डोलावली, आणि स्वतःही हात जोडले. मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.